एका थांब्यावरून दोन गाड्या

गणेशगुडीच्या थांब्यावर उभं राहिलं की एका अंगाची बस जगलबेट, रामनगर करत लोंढ्याकडे जाते. पुढे खानापूर म्हणजे माझं माहेर, मग बेळगाव, निपाणी आणि सरळ कोल्हापूर. दुसऱ्या अंगाची बस दांडेलीला जाते. तिथून हल्याळ, धारवाड, आणि धारवाडहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी म्हैसूर. २०२३ साली लग्न होऊन इथे आल्याला मला सतरा वर्षं झाली होती. या थांब्यावर मी हजार वेळा उभी राहिले असेन, पण यातली कुठलीच वाट मी सुट्टीसाठी म्हणून धरली नव्हती.

कारण आमच्याकडे सुट्टी म्हणजे कामाचे दिवस. मी इथल्या एका होमस्टेमध्ये स्वयंपाक करते. पावसाळा संपला की पुणे, मुंबई, हुबळी, बेंगळुरू इथली माणसं काळी नदीवर राफ्टिंगला आणि पक्षी बघायला येतात. मी त्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून देते, माडीची भाजी करते, सोलकढी करते. जेवताना त्यांची पुढच्या सुट्टीची बोलणी चालतात. गोवा की केरळ, दिल्ली की जयपूर. एकदा एक पुण्याची बाई मला म्हणाली, "तुमचं बरं आहे हो, तुम्ही सुट्टीतच राहता." वाईट मनानं नव्हती म्हणाली ती. पण ते वाक्य माझ्या डोक्यात कितीतरी दिवस फिरत राहिलं. आम्ही लग्नाकार्याला गेलो होतो, माघात उळवीच्या जत्रेला गेलो होतो. नुसतं एखादं गाव बघायला म्हणून घर कधी सोडलं नव्हतं.

२०२३ साली तो योग आला. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. मुलांच्या दसऱ्याच्या सुट्ट्या ८ ऑक्टोबरपासून लागल्या. १५ तारखेला, रविवारी घटस्थापना. होमस्टेचे पाहुणे शनिवारी २१ तारखेपासून यायचे होते. मधले चार-पाच दिवस मोकळे होते. हे म्हणाले, "मी राहतो घरी. दोन म्हशी आहेत, कुणीतरी राहायलाच हवं. तुम्ही तिघी जाऊन या." तिघी म्हणजे मी, नववीतली लेक आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळे मांय म्हणतो.

मला कोल्हापूर हवं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. मी सहावीत असताना बाबांनी मला खानापूरहून कोल्हापूरला नेलं होतं. अंबाबाईच्या देवळातला तो दगडी गारवा, भवानी मंडपातली गर्दी, रंकाळ्याच्या काठावर खाल्लेली भेळ. बाबांनी घेऊन दिलेल्या चपला चालताना कर्रकर्र वाजायच्या आणि गावी आल्यावर मी मुद्दाम पाय आपटत चालायची. बाबा मला दसरा चौकातही घेऊन गेले होते. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी त्यांनी उभी केलेली बोर्डिंगं. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं आणि पुढे एकामागून एक निघत गेली. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ तिथे राहून शिकले होते. आमच्या घराण्यात पहिलं लिहिता-वाचता झालेलं माणूस तेच. बाबा त्या चौकात बराच वेळ नुसते उभे राहिले होते. तेव्हा मला कंटाळा आला होता. आता माझ्या लेकीला तिथे उभं करावं असं मला वाटत होतं. शिवाय नवरात्र. नऊ दिवस अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात, रात्री पालखी निघते. माझी मावसबहीण तिथेच असते. तिच्या दोन खोल्यांत आमच्या तीन पथाऱ्या सहज मावल्या असत्या.

लेकीला म्हैसूर हवं होतं. ती सातवीत असताना शाळेची म्हैसूरची सहल ठरली होती आणि ती कोरोनात रद्द झाली. तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. ती कन्नड माध्यमात शिकते. मी खानापूरला मराठी शाळेत शिकले. मला कन्नड येतं, पण बाजारापुरतं, बसवरची पाटी वाचण्यापुरतं. तिच्या पाठ्यपुस्तकातले राजे, कवी, धरणं, देवळं सगळी त्या बाजूची. घरात मांय कोंकणी बोलतात, मी मराठी, लेक मैत्रिणींशी कन्नड. एका ताटात तिन्ही भाषा. आजवर त्यावरून आमच्यात कधी काही झालं नव्हतं. त्या आठवड्यात झालं. ती म्हणाली, "आई, कोल्हापूरला तू सगळ्यांशी बोलणार आणि मी नुसती मागे उभी राहणार." मी म्हणाले, "आणि म्हैसूरला?" ती गप्प बसली. म्हैसूरला मी मागे उभी राहणार होते.

मग तिनं वही काढली. मधोमध रेघ मारून एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला म्हैसूर.

हिशेब असा निघाला. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना लागू झाली होती. राज्यातल्या बायका-मुलींना सरकारी साध्या बसमध्ये पैसे नाहीत, आधार कार्ड दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. पण परराज्यात जाणाऱ्या गाडीला ती सवलत नाही. म्हणजे कोल्हापूरला पैसे पडणार आणि म्हैसूर फुकट, असं लेकीला वाटलं आणि ती खूश झाली. मी तिची पेन्सिल घेतली. बेळगाव-निपाणी गाडी कर्नाटकातच राहते, म्हणजे निपाणीपर्यंत शून्य. निपाणीहून पुढे महाराष्ट्राची एसटी, आणि मार्चपासून महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीत बायकांना अर्धं तिकीट. उरलेलं चाळीसेक किलोमीटरचं तिकीट म्हणजे चहाचे पैसे. उलट म्हैसूरला एवढ्या लांब मांयना साध्या बसमधून बसवून नेणं शक्य नव्हतं. धारवाडपर्यंत शून्य, पण पुढे रेल्वेचं स्लीपरचं तिकीट, जाताना तीन आणि येताना तीन. वेळ बघितला तरी तेच. कोल्हापूरला सकाळी निघालं की दिवे लागायच्या आत पोचता येतं. म्हैसूरच्या दोन रात्री गाडीतच जाणार. इथल्या सुपा धरणावर पूर्वी नोकरीला असलेले एक साहेब निवृत्त होऊन म्हैसूरला राहतात. त्यांनी "या हो, खोली रिकामीच आहे," असं फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे राहण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच.

पैसा कोल्हापूरच्या बाजूला, वेळ कोल्हापूरच्या बाजूला. लेकीनं वही मिटली. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी तिचं तोंड बघवेना.

मांय चुलीपाशी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या खाली बघतच म्हणाल्या, "म्हैसूर म्हणजे कन्नंबाडी तिथंच ना?"

कन्नंबाडी हे नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं. लेकीला माहीत होतं. कृष्णराजसागर धरणाला तिकडची माणसं कन्नंबाडी कट्टे म्हणतात. विश्वेश्वरय्यांचं धरण, खाली वृंदावन बाग. मांयना ते कसं माहीत?

इथे मला मांयबद्दल सांगायला हवं. मांय जुन्या सुप्याच्या. सुपा हे तालुक्याचं ठिकाण होतं. काळी आणि पंढरी या नद्या जिथे मिळतात तिथलं गाव. कचेरी होती, बाजार भरायचा. धरण आलं आणि ते सगळं पाण्याखाली गेलं. कचेरी जोयड्याला गेली, बरीचशी माणसं रामनगरला वसवली. १०१ मीटर उंचीचं सुपा धरण १९८७ साली पुरं झालं. पायथ्याशी पन्नास-पन्नास मेगावॅटचे दोन संच बसले. गणेशगुडी आज जे आहे ते या धरणामुळेच. कॉलनी, रस्ते, दुकानं सगळं त्या कामाबरोबर वाढलं. आता जिथे जंगल लॉजेसचे पाहुणे राहतात आणि मोठमोठे कॅमेरे लावून पक्ष्यांचे फोटो काढतात, ते ओल्ड मॅगझिन हाउस म्हणजे धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायचं कोठार. पाहुण्यांना या नावाचं कौतुक वाटतं. मांयना त्या आवाजानं घराची कौलं हलायची ते आठवतं.

सासरे त्याच धरणावर मजुरीला होते. स्वतःचं घर ज्या पाण्यात जाणार ते पाणी अडवायच्या भिंतीवर काम करायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते, त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. मांय सांगतात, की त्यांच्याबरोबर मंड्या, म्हैसूरकडचे कामगार होते आणि ते कन्नंबाडीच्या गोष्टी सांगायचे. रंगीत कारंजी, बाग, राजेसाहेब, सगळं. सासरे घरी येऊन मांयना म्हणायचे, "एकदा तुला दाखवतो." आपल्याकडेही धरणाखाली अशीच बाग होईल असं त्यांना वाटायचं.

मांयनी एवढं सांगितलं आणि परत सुपारी कातरायला लागल्या. आग्रह केला नाही. त्या कशासाठीच आग्रह करत नाहीत. हे दारात उभे होते, ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाईट वाटत होतं आणि रागही आला होता. दोन्ही खरं आहे. सतरा वर्षांनी एकदा चार दिवस मिळतात, माझं माहेर त्या वाटेवर, माझी देवी तिकडे, माझी भाषा तिकडे, आणि ते सोडून मी जिथे मला दोन वाक्यंही नीट बोलता येत नाहीत तिथे जायचं. पण कोल्हापूर मी पाहिलं होतं. बाबांनी दाखवलं होतं. मांयना कुणी काही दाखवलं नव्हतं. सकाळी मी ह्यांना म्हणाले, "तिकिटं काढा म्हैसूरची."

रविवारी दुपारी निघालो. दांडेलीला बस बदलली. कंडक्टरनं शून्य रुपयांची तिकिटं फाडून दिली तेव्हा मांयनी ती घडी घालून बटव्यात ठेवली. "फुकटचं कशाला जपताय?" लेकीनं विचारलं. "माझ्या नावाचं आहे ना," त्या म्हणाल्या. धारवाडहून गाडी सुटली तेव्हा अंधार पडला होता. मांयनी खालच्या बर्थवर बसून खिडकीला कपाळ टेकवलं. बराच वेळ त्या तशाच बसून होत्या.

म्हैसूर स्टेशनवर लेकीला पहिला धक्का बसला. आमच्या बाजूचं कन्नड धारवाडी वळणाचं. पाहुण्याला 'या' या अर्थी 'बर्री' म्हणणारं. तिथे रिक्षावाल्यापासून साहेबांच्या पत्नीपर्यंत सगळे 'बन्नी' म्हणत होते. लेक काही बोलली की समोरचं माणूस हसून विचारायचं, "हुबळीकडचे का?" आपलं हक्काचं शहर म्हणून ती आली होती आणि तिथेही ती लांबून आलेलीच ठरली. पहिल्या दिवशी ती जरा हिरमुसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तिथला हेल उचलायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तर ती रिक्षावाल्याशी भाडं ठरवत होती आणि मी खरोखरच मागे उभी होते. कसं वाटलं ते सांगणं कठीण आहे. सहावीत मी बाबांचं बोट धरून जशी चालले होते तशी मी लेकीमागून चालत होते. भीती वाटली नाही.

सोमवारी संध्याकाळी राजवाड्यापुढे गेलो. दसऱ्याचे दहाही दिवस तिथे रोषणाई असते. जुना लाकडी वाडा १८९७ साली एका लग्नाच्या वेळी लागलेल्या आगीत जळाला. मग आयर्विन नावाच्या ब्रिटिश माणसाकडून हा नवा बांधून घेतला, तो १९१२ साली पुरा झाला. हे सगळं साहेब आम्हाला सांगत होते, आणि एकदम वाडा पेटला. दुसरा शब्द नाही. लाखभर दिवे एका क्षणात लागले आणि एवढ्या गर्दीच्या तोंडून एकच आवाज निघाला. लेकीनं माझा हात घट्ट धरला. मांयनी हात जोडले, देवळापुढे जोडतात तसे. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "एवढी वीज कुठनं आणतात?"

साहेबांना तो प्रश्न फार आवडला. आयुष्य विजेच्या खात्यात गेलेला माणूस. त्यांनी सांगितलं, की म्हैसूर संस्थानानं कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ सालीच वीजघर सुरू केलं, ती वीज पहिल्यांदा कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेली. आता मात्र अमुक नदीची वीज अमुक गावात असं राहिलेलं नाही, सगळी एका जाळ्यात येते. शरावतीची, कावेरीची, काळीची. "म्हणजे यात सुप्याची पण आहे?" मांयनी विचारलं. साहेब म्हणाले, "असणारच." मांय परत वाड्याकडे बघायला लागल्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही त्यांना हलवलं नाही.

मंगळवारी सकाळी रस्त्यावर हत्तींची तालीम बघितली. विजयादशमीला सोन्यानं मढवलेली ७५० किलोची अंबारी घेऊन हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत पाच किलोमीटर चालतो. अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती असते. तेवढ्या वजनाची सवय व्हावी म्हणून आधी कितीतरी दिवस वाळूची पोती लादून त्याला त्याच रस्त्यानं चालवतात. बन्नीमंटपातलं बन्नी म्हणजे शमी. म्हणजे इथेही दसऱ्याला शमीकडेच जायचं. कोल्हापूरला दसरा चौकात शमीपूजन होतं, छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतून येतात आणि मग सोनं लुटायला झुंबड उडते. बाबा ते फार रंगवून सांगायचे. दोन्हीकडचा दसरा आम्हाला चुकणार होता, कारण शनिवारी मला चुलीपुढे हजर राहायचं होतं. पण त्या हत्तींनी माझी सगळी हळहळ घालवली. आमच्या जंगलातही हत्ती आहेत. आम्ही त्यांना घाबरतो, शेतात आले की रात्र रात्र जागतो. इथे तेच जनावर डांबरी रस्त्यावरून, दुकानांच्या पाट्यांखालून शांतपणे चाललं होतं, आणि शाळेतली पोरं त्याला नावानं हाक मारत होती, अभिमन्यू, अभिमन्यू.

देवराज मार्केटही पाहिलं. कुंकवाचे रंगीत ढीग, मोगऱ्याचे हात-हात लांब गजरे. मांयनी विड्याची पानं बोटांनी चाचपून बघितली आणि चांगली आहेत असा निकाल दिला. रात्री मावसबहिणीनं कोल्हापूरहून अंबाबाईच्या पालखीचा व्हिडिओ पाठवला. साहेबांच्या गच्चीवर उभी राहून मी तो तीन वेळा बघितला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हैसूर सुंदर होतं, मी मनापासून हिंडत होते, तरी आलं. लेक मागे येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, "तिथं आत्ता खूप गर्दी असेल ना?" मी म्हणाले, "असेल." ती म्हणाली, "मे महिन्यात जाऊ. मी वाचेन पाट्या, हिंदीमुळं येतात मला." मी तिचं डोकं जवळ ओढून घेतलं.

बुधवारी कन्नंबाडी.

शहरातल्या स्टँडवरून बस मिळाली, तिथेही शून्य तिकीट. त्या वर्षी पाणी कमी होतं. सप्टेंबरात कावेरीच्या पाण्यावरून बेंगळुरू बंद आणि मग कर्नाटक बंद झाला होता. धरणापाशी पोलीस होते. १९११ साली सुरू झालेलं हे काम दोन दशकं चाललं. लांबच लांब दगडी भिंत, सिमेंटऐवजी सुर्की घालून बांधलेली. लेक वहीतून वाचून दाखवत होती, की यात ४९ टीएमसी पाणी मावतं. मग तिनं सुप्याचा आकडा काढला, १४५ च्या आसपास. "आजी, आपलं तिप्पट मोठं!" ती एवढ्या आनंदानं म्हणाली. मांय म्हणाल्या, "मोठं असणारच. आमचं गाव मोठं होतं."

मग त्यांनी विचारलं, की यात कुठलं गाव गेलं? पेरू विकणाऱ्या बाईला लेकीनं ते कन्नडमध्ये विचारलं. ती बाई हसली. "कन्नंबाडीच की. गावाचं नाव म्हणून तर धरणाचं नाव." मांयनी ते लेकीकडून कोंकणीत समजून घेतलं आणि मान हलवली. आमच्या धरणाचंही तसंच. सुपा म्हटलं की आता माणसं धरणच समजतात.

त्याच बाईनं सांगितलं, की कन्नंबाडीचं देऊळ मात्र वर आणलंय. जलाशयाच्या काठाला, होस कन्नंबाडी म्हणून नवं गाव आहे, तिथे. वेणुगोपालस्वामीचं देऊळ. लेकीनं रिक्षा ठरवली.

मी तिथे जाईपर्यंत मला त्याची कल्पना नव्हती. होयसळांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं देऊळ. धरण भरलं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि सत्तर वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिलं. एका दुष्काळात पाणी उतरलं तेव्हा ते उघडं पडलं. मग खोडे फाउंडेशननं ते उचलून वर आणायचं ठरवलं. हजारो दगड, प्रत्येकाचा फोटो काढून ते एकेक सुटे केले, वर आणले आणि पुन्हा होते तसे जुळवले. २०११ साली ते काम पुरं झालं. आता देऊळ पाण्याच्या काठावर, मोकळ्या वाऱ्यात उभं आहे. भोवती लांबलचक खांबांची ओवरी. गर्दी फार नव्हती. जलाशयाचं पाणी मागे सरलेलं होतं आणि मधल्या चिखलात गवत उगवलं होतं, त्यात गुरं चरत होती.

लेकीनं पाटी वाचली आणि आजीला कोंकणीत सांगितली. मांयनी परत विचारलं, "दगडांना नंबर घातले?" लेक म्हणाली, "हो, कुठला कुठं होता ते कळायला." मांय उठल्या, ओवरीच्या एका खांबापाशी गेल्या आणि त्यावरून हात फिरवायला लागल्या. खालून वर, मग बाजूनं. मला आधी कळेना. मग समजलं, त्या नंबर शोधत होत्या. तो दिसत नव्हता. त्या दुसऱ्या खांबापाशी गेल्या, तिसऱ्या खांबापाशी गेल्या. पुजारी आमच्याकडे बघायला लागला. मी त्यांना थांबवलं नाही.

शेवटी त्या पायरीवर बसल्या, पाण्याकडे तोंड करून. मी शेजारी बसले. त्यांनी सांगितलं, की सुप्याहून निघताना त्यांनी तुळशीची माती एका डब्यात घेतली होती, आणि पाटा. वरवंटा राहिला. ट्रकमध्ये जागा नव्हती म्हणून नाही, घाईत राहिला. रामनगरला गेल्यावर कळलं. सासरे म्हणाले, दुसरा घेऊ. घेतला. पण त्या पाट्याला तो कधी नीट बसला नाही. ही गोष्ट सतरा वर्षांत त्यांनी मला सांगितली नव्हती. आमच्या घरातला तो पाटा मी रोज वापरते. वरवंटा एका कडेला अडखळतो हे मला माहीत आहे. दगडच तसा असेल असं मी धरून चालले होते.

वृंदावन बाग आम्ही जवळजवळ पाहिलीच नाही. देवळातून उठायलाच उशीर झाला आणि रात्रीची गाडी गाठायची होती. अर्धा तास आत गेलो, कारंजी लागायच्या आधीच बाहेर पडलो. लेकीला चुटपुट लागली. मांय म्हणाल्या, "बघितली. चांगली आहे. हे म्हणायचे तशीच आहे."

गाडीत बसल्यावर मी पथाऱ्या घातल्या. डब्यातले दिवे गेले तरी मांय आडव्या झाल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी लेकीला हलवलं आणि वही काढायला सांगितली. तीच वही, मधोमध रेघ मारलेली. लेकीनं मोबाइलचा उजेड धरला. मांय म्हणाल्या, "लिही. पंढरीकडनं वर आलं की पहिलं घर सोनाराचं. त्याला एक घाल. त्याच्या पुढं चिंच होती, मग आमच्या मामाचं घर. दोन."

लेक कन्नड अक्षरांत कोंकणी नावं लिहीत होती. कुठे अडली की माझ्याकडे बघायची, आणि मला माहीत नसायचं. बाजाराच्या वाटेवर मांय दोनदा चुकल्या, परत मागे आल्या, खोडायला लावलं. वरच्या बर्थवरच्या माणसानं एकदा वाकून बघितलं आणि तो परत झोपला. कचेरीपर्यंत पोचायला मध्यरात्र झाली. मला मध्येच डोळा लागला. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर फटफटत होतं, हुबळी जवळ आली होती, लेक बसल्या जागी भिंतीला टेकून झोपली होती आणि वही मांयच्या मांडीवर होती. मी ती उचलून बघितली. अक्षर लावत लावत शेवटचा आकडा वाचला. त्रेचाळीस. पुढे घराचं नाव नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, नदीकडं उतरायची वाट.